माझ्या चालीवर ‘पारंपरिक’ छापलं तेव्हा

कॅसेटच्या कार्डावर पहिलंच गाणं माझं होतं. शेजारी गायिकेचं नाव, खाली रेकॉर्डिस्टचं नाव, मालकाचं नाव दोन ठिकाणी. आणि ‘गीत-संगीत’च्या पुढे एकच शब्द: पारंपरिक.

मी काउंटरवर उभा राहून ते तीनदा वाचलं. रमणभाई, म्हणजे स्टुडिओचे मालक, फोनवर होते. त्यांनी हातानेच ‘बसा’ म्हटलं. मी बसलो नाही.

ही नव्वदीतली, कॅसेटच्या दिवसांतली गोष्ट. सुरतेत आम्हा खानदेशी लोकांची वस्ती मोठी, त्यामुळे श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीची आणि लग्नाची गाणी हातोहात खपत. मी त्या स्टुडिओत हार्मोनियम आणि कीबोर्ड वाजवायचो. त्याआधी सात वर्षं सुरतेतल्याच उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढलेली. लोकांना वाटतं, वाजवणारा म्हणजेच संगीतकार. तसं नसतं. संगीतकार चाल बांधतो, आणि त्याने बोट दाखवलं की आम्ही वाजवतो. मला एकदा तरी ते बोट दाखवायचं होतं. कार्डावर नाव आलं असतं तर दुसऱ्या स्टुडिओंत मला वादक म्हणून नाही, संगीतकार म्हणून बोलावलं असतं. पैशाचं मी बोलतच नव्हतो.

ते गाणं मी लूमवर असताना बांधलं होतं. दोन लूम शेजारी चालवले की त्यांचा ठोका कधी जुळतो, कधी सुटतो. त्या सुटण्यात मला चाल सापडली. शब्दही माझेच. बहीण कानबाईला विनवते, दूर गेलेल्या माझ्या भावाला घरी आण. अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यात, ती म्हणते की लूमच्या खडखडाटात भावाला माझी हाक ऐकू जात नाही. मी स्वतः तेव्हा पाच वर्षं कानबाईच्या सणाला गावी गेलो नव्हतो, तेव्हा हे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

फोन ठेवल्यावर मी रमणभाईंसमोर कार्ड धरलं. म्हटलं, हे काय छापलंय?

त्यांना खरंच कळेना. “मास्टर, आपने ही तो बोला था, गाँव का पुराना गाना है.”

आणि मी बोललो होतो. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतःच्या चाली घेऊन मी त्यांच्याकडे तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा त्यांनी एक ओळ ऐकून चहा मागवला होता. “जूनुं चाले, मास्टर. नवुं कोण लेशे?” जुनं खपतं, नवं कोण घेणार, हा त्यांचा धंद्याचा मंत्र. चौथ्या वेळी मी हेच गाणं ‘आमच्या गावाकडचं, फार जुनं’ म्हणून वाजवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. तेच कान, तीच पेटी. फरक फक्त एवढाच की आता ते माझं नव्हतं. त्याचा राग मला आजही येतो.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते हसले. गाणं चाललं म्हणून आता सगळेच हक्क सांगायला येतील, म्हणाले. वर मी वादक, लूम सोडून आलेला. मी चाल बांधू शकतो हेच त्यांना पटत नव्हतं. मग त्यांनी तोडगा काढला. पहिला लॉट मी कार्ड बघण्याआधीच खपला होता, दुसऱ्या लॉटची कार्डं अजून छापायची होती. भेस्तान वस्तीतल्या जिजाबाईंना विचारू, त्या सांगतील ते छापू.

जिजाबाई म्हणजे आमच्या लोकांतल्या गाण्यांचं शेवटचं कोर्ट. कुठलं गाणं कुठल्या विधीचं, कुठल्या गावचं, हे त्या सांगायच्या आणि पुढे कोणी वाद घालायचं नाही. मी आनंदाने कबूल झालो. जे गाणं मी बांधलं ते त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. अंतऱ्यात चक्क लूम होता. खेड्यात आजीच्या काळी लूम कुठून येणार?

मी एक गोष्ट विसरलो. श्रावण नुकताच संपला होता. महिनाभर भेस्तानच्या प्रत्येक ओट्यावर तीच कॅसेट वाजली होती.

दुपारी आम्ही गेलो. जिजाबाई गहू निवडत होत्या. मी पेटीवर मुखडा वाजवला आणि विचारलं, हे कोणाचं?

“भाऊ, हाई गानं तं मनी माय कानबाईले म्हने. तवय तुना जलम बी नव्हता.”

मी म्हटलं, जिजाबाई, अंतऱ्यात लूम आहे. तुमच्या आईने लूम पाहिला होता का?

त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. म्हणाल्या, मूळ शब्द ‘जातं’ आहे. बहीण दळत बसलेली असते, दाराशी आलेल्या भावाची हाक तिला ऐकू येत नाही. कॅसेटवाल्यांनी लूम घालून गाणं बिघडवलं. मग त्यांनी ते म्हणून दाखवलं. सुपातून हात न काढता, डोळ्यांत पाणी आणून. खोटं त्या बोलत नव्हत्या. माझ्यापेक्षा चांगलं म्हणत होत्या, हेही कबूल करतो.

रमणभाई परतताना म्हणाले, “मास्टर, ऐसे पुराने चार और लाओ.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुसरा लॉट आला. ‘पारंपरिक’ तसंच राहिलं, आणि जिजाबाईंच्या सांगण्यावरून पुन्हा रेकॉर्ड करून लूमच्या जागी ‘जातं’ घातलं गेलं. कीबोर्डवर मीच होतो.

घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तुमीच तं सांगं व्हतं त्यासले, जुनं शे म्हनीसनी.”

त्यानंतर मी प्रत्येक चाल स्वतःच्या नावाने घेऊन गेलो. रमणभाईंनी एकही घेतली नाही. दुसऱ्या स्टुडिओंनी मला बोलावलं, ते वाजवायलाच. शहाणी माणसं समजूत घालतात की तुझं गाणं लोकांचं झालं, याहून मोठा मान कोणता. त्या शहाण्यांच्या कार्डांवर त्यांची नावं ठळक छापलेली असतात.

शिकायला येणाऱ्यांना मी एकच सांगतो. चाल वाजवण्याआधी ती कोणाची ते बोला. नाकारतील. नाकारू द्या, पण तुमच्या नावाने नाकारू द्या.