ग्रहबाई आणि रुआबांध्याचा शनी

ग्रहबाई सुपेल्याच्या बाजारात कोहळा, म्हणजे भोपळा, घ्यायला गेल्या की आधी पिशवीतून सुतळी काढायच्या आणि त्याच्या पोटाभोवती गुंडाळायच्या. एक मोठा पडला, दुसरा लहान पडला, तिसरा एका बाजूनं चपटा निघाला, असं करत अख्खा ढीग उपसायच्या. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "मैडम, इसको पकाना है कि इसका कुर्ता सिलाना है?" बाई मान वर न करता सांगायच्या, "भैया, ये सूरज है. सूरज टेढ़ा नहीं चलेगा."

बाईंचं खरं नाव वेगळं होतं. ते मी लिहीत नाही, कारण आमच्यापैकी कोणी ते कधी वापरलंच नाही. त्या अमरावतीकडच्या. हप्ताभर पोलाद कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या शाळेत हिंदीतून शिकवायच्या, आणि रविवारी सकाळी रुआबांध्याजवळ आमच्या लेबर कॅम्पात यायच्या. तिथं सिमेंटच्या गोणी ठेवायची एक टिनाची शेड रिकामी झाली होती. तिच्यात कॅम्पातली पोरं जमवून बसायच्या. पगार नाही, हुकूम नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मला सांगितल्याशिवाय राहवत नाही हो!" एवढंच कारण. आणि ते खरं होतं. ग्रहांचं बोलायला लागल्या की चष्मा नाकावर घसरायचा, पदर सुटायचा, आणि बाईंना त्याचा पत्ता नसायचा.

मी कारखान्यात खलाशी होतो. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. दोर, साखळ्या, कप्पी लावून लोखंडाचे अजस्र खांब उभे करणारा. भंडाऱ्याकडून आलो तेव्हा इथं चिखल आणि झुडपं होती. आज जो कारखाना दिसतो त्यातले कितीतरी खांब या हातांनी ओळंब्यात आणले आहेत. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. पण म्हणून कोणी काहीही सांगावं आणि मी मान डोलवावी, असा मी तेव्हाही नव्हतो, आजही नाही.

म्हणून पहिल्याच रविवारी मी शेडच्या दारात उभा राहून बाईंना अडवलं. माझी पोरगी सुमन आत बसली होती. बाई सांगत होत्या की पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते. मी म्हटलं, "बाई, आमी खांब उभा करतो तं वरून ओळंबा सोडतो. तो केसभरबी हालत नाही. पृथ्वी गरगर फिरून राहिली असती तं ओळंबा सरळ राहिला असता का?"

दुसरी कोणी असती तर रागावली असती. बाईंनी टाळीच वाजवली. "वा! असा प्रश्न पाहिजे! दादा, तुम्ही आगगाडीत बसून लोट्यानं पाणी पिता ना? गाडी एकसारखी पळत असली तर पाणी सांडतं का?"

"नाही."

"कधी सांडतं?"

"ब्रेक मारला, नाहीतं धक्का बसला का."

"पृथ्वीला ब्रेक नाही आणि धक्का नाही. धक्का लागत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. झालं!"

मी "पाहू" म्हणून निघून आलो. पण पुढच्या रविवारी दारात न थांबता आत जाऊन बसलो. पोरांच्या मागं, भिंतीला टेकून. माझ्यासोबत चैतराम यायला लागला. चैतराम गोंदियाकडचा शेतकरी गडी, आमच्याच टोळीत, अंगानं जाडजूड आणि तोंडानं मोकळा.

बाई फळा वापरत नव्हत्या. टोपली वापरायच्या. कोहळा मधे ठेवला की तो सूर्य. मग ज्वारीचा एक दाणा चिमटीत धरून म्हणायच्या, "ही आपण. ही पृथ्वी. यात तुमचा कारखाना, तुमचं गाव, समुद्र, हिमालय, सगळं आलं." दुसरा तेवढाच दाणा शुक्राचा. संध्याकाळी चमकतो ती शुक्राची चांदणी तीच. दिसायला सुंदर पण आत भट्टीसारखी तापलेली. बुध म्हणजे राजगिऱ्याचा कण, सूर्याच्या अगदी जवळ आणि पळण्यात सगळ्यांत चपळ. मंगळ मोहरी. गुरू लिंबू, सगळ्या ग्रहांत थोरला, भोवती चंद्रांचं लेंढार. शनी बोर, कंबरेला कडं घातलेलं. युरेनस आणि नेपच्यून ही दोन करवंदं. त्यातलं युरेनस आडवं पडून लोळत चालणारं. शेवटी प्लूटो, तो खसखशीचा दाणा. तेव्हा तो ग्रहांत होता. आता काढला म्हणतात. मला कोणी विचारलं नाही.

"आणि हे किती किती लांब?" एकदा सुमननं विचारलं. बाई इतक्या खूष झाल्या की टोपली घेऊन बाहेरच पळाल्या. आम्ही सगळे मागं. कोहळा दारात ठेवून त्या चालत सुटल्या. ज्वारीचा दाणा ठेवला तो थेट पाण्याच्या नळापाशी. बोर ठेवायला आणखी कुठल्या कुठं गेल्या, आणि तिथून ओरडून सांगितलं, "नेपच्यूनला सुपेल्याची अर्धी वाट तुडवावी लागेल! मधे काय आहे? काही नाही! नुसतं मोकळं!" त्या मोकळेपणाचाच त्यांना इतका आनंद की जणू सगळी जमीन त्यांच्या नावावर झाली.

वर्ग सुटला की कोहळा कापून पोरांना फोडी वाटायच्या. त्या दिवशी कॅम्पात घरोघर सूर्याची भाजी.

मंगळाचं मात्र आम्हा मोठ्या माणसांना वेड लागलं. बाई म्हणाल्या, "मंगळ लाल का? शहाण्या लोकांचा अंदाज आहे की तिथल्या मातीत लोखंड गंजलेलं आहे." चैतराम उठून उभाच राहिला. "म्हंजे बाई, तिथंबी कारखाना लावता येईन!" आणि मला म्हणाला, "दशरथ, चाल, भरतीत नाव टाकू." बाई हसून हसून खाली बसल्या.

बासष्ट साल लागलं आणि हवा फिरली. माघातली थंडी होती. पंचांगातले आठ ग्रह, सूर्य-चंद्र धरून, एका राशीत येणार, जग बुडणार, अशी आवई उठली. सुपेल्यात होम सुरू झाले, लाऊडस्पीकरवर जप सुरू झाला. लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले. मरायचंच आहे तर आपल्या मातीत, म्हणत. शेडमधली पोरं दर रविवारी कमी व्हायला लागली.

आमच्याही घरी गाठोडं बांधलं गेलं. माझी बायको सुमनला घेऊन माहेरी निघाली. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. घरातले देव आम्ही कधीच नदीत सोडले होते. मी म्हटलं, "आता कोनाले भिऊन राहिली तू?"

ती म्हणाली, "आपन देव सोडले. ग्रहांनं आपल्याले सोडलं का?"

मला खरी काळजी जगाची नव्हती. माझी सासू सुमनसाठी एक मुलगा पाहून बसली होती. पोरगी एकदा तिकडे गेली की तिचं दप्तर इथंच राहणार, हे मला दिसत होतं. सुमनलाही दिसत होतं. ती जेवत नव्हती. मी बायकोला नाही म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं नाही. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात, त्यांनी तिला पाहिलं नाही.

सुमननं बाईंना सांगितलं. बाई त्याच पावली आमच्या झोपडीत आल्या. समजावलं नाही, रागावल्या नाहीत. डोळे लकाकत होते. "वहिनी, गाडी रविवारी संध्याकाळची ना? मग दुपारी मैदानात या. ज्या दिवशी ते सगळे एकत्र येणार म्हणतात, त्याच दिवशी मी त्यांना तुमच्यासमोर उभं करते. पाहा, आणि मग खुशाल जा. मी अडवणार नाही."

रविवारी मैदानात गेलो तर बाईंच्या हातात टोपली होती, पण पोरं मूठभरच. बाई म्हणाल्या, "आज दाणे नकोत. दाणा वहिनींना दिसणार नाही. आज माणसं उभी करू." कोहळा स्टुलावर चढला. सुमन पृथ्वी झाली. एक लहानगी चंद्र होऊन तिच्याभोवती घिरट्या घालायला लागली. बुध, शुक्र, मंगळ झाले. चैतराम गुरू झाला आणि मिशीवर हात फिरवत चालायला लागला. युरेनस, नेपच्यून, प्लूटो यांना बाईंनी बोलावलंच नाही. "त्यांना कोणी भीत नाही. पंचांगात त्यांचं नावच नाही!"

"आन् आठवा केतू?" चैतरामनं विचारलं.

"केतू हा ग्रहच नाही, नुसता हिशेबाचा बिंदू. त्याची जागा रिकामी सोडा."

अडलं ते शनीवर. एकही पोर शनी व्हायला तयार नाही. बाईंनी ड्रमची गोल लोखंडी पट्टी आणली होती, कडं म्हणून. ती पाहूनच पोरं मागं सरायची. बाई चैतरामकडे वळल्या तर तो हात जोडून म्हणतो, "बाई, माझ्या घरी साडेसाती चालू हाय. मीच शनी बनून घरी गेलो तं बायको चुलीपाशी येऊ देईन का?"

बायको गाठोडं घेऊन कडेला उभी होती. माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "आना इकडं ते कडं."

पट्टी कंबरेत अडकवली, दोन्ही हातांनी धरली आणि चालायला लागलो. बाईंनी बजावलं, "दादा, तो विजेचा शेवटचा खांब. तिथं उभे राहा. काही झालं तरी ग्रहानं जागा सोडायची नाही." मी गेलो. वळून पाहिलं तर कोहळा पिवळ्या टिपक्याएवढा, आणि त्याच्या पलीकडे सुमन म्हणजे एक निळा ठिपका. मी तिथं उभा राहिलो. एक सायकलवाला जाता जाता विचारून गेला, "चाचा, तबीयत ठीक है?"

तिकडे काय झालं ते मला कळलं नाही. मी होतो शनी. पुढचं सुमनच्या तोंडचं आहे.

बाईंनी माझ्या बायकोला सुमनच्या शेजारी नेऊन उभं केलं. "वहिनी, सूर्याकडे तोंड करा. काय दिसतं?"

"सगळे एकामागं एक."

"एकत्र आलेत?"

"हो. एकाच बाजूले."

"म्हणजे गळ्यात गळे घालून उभे आहेत?"

बायको डोळे बारीक करून पाहत राहिली. बाई म्हणाल्या, "आपण एका जागी उभं राहून पाहतो म्हणून ते एका रांगेत दिसतात. तो तुमचा शनी, ज्याला सगळे भितात, त्याला हाक मारा बरं."

बायकोनं हाक मारली, "आवो सुमनचे बाबा!" मी हललो नाही. पुन्हा मारली. मी नाही. बाई म्हणाल्या, "अशी नाही. नाव घेऊन."

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. दीक्षा घेतली तरी जीभ ती जुनीच. चैतराम तिकडून ओरडला, "घ्या वहिनी, जग तं आज बुडूनच राहिलं!" पोरं खिदळली. आणि माझ्या बायकोनं गाठोडं खाली टाकलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "दशरथऽऽऽ!"

उभ्या आयुष्यात तिनं माझं नाव घेतलं ते तेवढंच. आणि मी ऐकलं नाही. मला लांबून एवढंच दिसलं की ती हातवारे करते आहे. गाडी चुकली म्हणून शिव्या देत असेल असं वाटलं. मी जागा सोडली नाही.

बाई म्हणाल्या, "पाहिलं? ज्याला तुमचा आवाजसुद्धा पोहोचत नाही, तो तुमच्या पोरीचं काय वाकडं करणार?"

सुमन सांगते, आई हसायलाच लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "आता त्यायले बोलवा तरी कोनी. उन्हात उभा हाय मानूस." मला आणायला चंद्राला पळवावं लागलं.

गाडी गेली. गाठोडं घरी आलं. रात्री मी बायकोला म्हटलं, "काय हाक मारली म्हनते तू? आता एकदा मार, मी जवळ हाय." ती म्हणाली, "शनीले बहिरेपन असन तं मी काय करू?" दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि मी ड्यूटीवर गेलो. जग होतं तिथंच होतं.

पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गेलेली पोरं आपोआप परत येत नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत त्या गावोगाव फिरल्या, आणि सोबत माझी बायको. दारात उभ्या राहून बाई ग्रहांचं सांगायच्या, बायको आयांशी बोलायची. काही पोरं आली, काही नाही आली. ज्या पोरी आल्या नाहीत त्यांची नावं बाई चहा पिताना मधेच घ्यायच्या आणि कप खाली ठेवायच्या.

पुढं त्यांची बदली राजहऱ्याला, कारखान्याच्या लोखंडखाणीकडे झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. आम्हाला रडू येत होतं आणि त्या म्हणत होत्या, "अहो, तिकडे धूर नाही! आकाश धुतल्यासारखं असतं म्हणतात! आणि खाणीतल्या पोरांना अजून कोणी काही सांगितलेलंच नाही!" मग एकदम खिडकीतून वाकून मला म्हणाल्या, "दादा, सुमनला पुढं शिकवाल ना?"

मी छाती काढून बोलणार, तेवढ्यात बायको पुढं झाली. "त्यायले काय इचारता बाई? मले इचारा."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि तोच प्रश्न, तितक्याच आदरानं, तिला विचारला.

"मॅट्रिक करन," बायको म्हणाली. "त्याच्या पुढचं तिचं ती सांगन."

सुमन मॅट्रिक झाली. पुढचं तिनंच सांगितलं.