डॉक्टरांसमोर मराठी

रायपुरात आम्हा मराठी लोकांची एक जुनी खोड आहे. दिवसभर हिंदीत वावरायचं आणि समोरच्याला कळू द्यायचं नसलं की मराठीत शिरायचं. सदर बाजारात सोनाराच्या तोंडावर त्याच्या बांगड्यांना नावं ठेवायला आपली भाषा फार उपयोगी पडते. एरवी तिला कोण विचारतं!

माझे काका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण लेक्चर काही थांबलं नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आजारी पडली. तिला अभनपूरहून शंकर नगरच्या दवाखान्यात आणलं. पोटात कॅन्सर निघाला. तिला काही सांगायचं नाही, हे काकांनी परस्पर ठरवूनही टाकलं. आम्ही बाकीचे माना डोलावून मोकळे झालो. तेव्हापासून काका आत्याशी बोलताना दुसरीकडेच बघायचे.

पुढच्या भेटीत डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, पेशंटला सांगावंच लागेल, ऑपरेशन करायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. आत्याला इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी तेवढी काळजी घेतली होती.

काका माझ्याकडे वळले आणि डॉक्टरांना कळू नये म्हणून मराठीत सुरू झाले. "हे पाह्य, हे याचं नीतिशास्त्र. धंद्याचे नियम. घरची नैतिकता अलग असते. ताईले कॅन्सर आहे हे सांगणं बरोबर का चूक, कोणालेच माहीत नसते. नैतिक ज्ञान नावाची चीजच नाही जगात. ज्याचं त्याचं मत असते, बस."

आवाज त्यांनी जरासुद्धा खाली आणला नाही. कशाला आणतील? डॉक्टरांना मराठी येत नव्हती, नर्सला येत नव्हती. आत्या मात्र त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. जन्मभर पोरांना विचार करायला शिकवणाऱ्या माणसाला एवढंही सुचू नये! मला त्यांची किळस आली.

आत्या काकांकडे वळून म्हणाली, "कोणालेच माहीत नसते म्हणतं ना तू? मंग इतके दिवस माह्याकडे पाहून काहून नाही बोलून राहिला?"

काका टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. आत्याने आपली खुर्ची डॉक्टरांकडे सरकवली आणि हिंदीत म्हणाली, "अब मुझसे बात कीजिए."