विमलताईंचे केस

स्त्रीचे खरे सौंदर्य तिच्या विचारांत असते. हे वाक्य आमच्या कामोठ्यातल्या सोसायटीच्या फलकावर दर महिला दिनाला लिहिले जाते. फलकाचा खर्च तळमजल्यावरचे ब्यूटी पार्लर करते.

तो फलक वाचून मोठ्याने हसणाऱ्या एकट्या विमलताई. त्या माझ्या शेजारच्या दारात राहायच्या आणि रबाळ्याच्या एका कंपनीत पगाराचे काम पाहायच्या. पंचेचाळिशीत त्यांनी केस रंगवणे सोडले. कुणी कारण विचारले की म्हणायच्या, "कंटाळा आला." इतके साधे कारण कुणाला पटत नसे. बायका आवाज खाली आणून विचारत, "घरी सगळं ठीक ना?" लिफ्टमध्ये एकीने डॉक्टरही सुचवला. कंपनीत त्यांच्याच वयाच्या, पांढऱ्या डोक्याच्या साहेबांना लोक अनुभवी म्हणत. विमलताईंना आजी म्हणू लागले.

यजमान मनोहरराव मात्र एक रविवार सोडून गॅलरीत खांद्यावर जुना टॉवेल टाकून बसत. औषधांच्या विक्रीचे काम. "म्हातारा दिसलो तर डॉक्टर केबिनमध्ये घेत नाहीत," असे ते सांगत. पुढचे केस आणि मिशा ते स्वतः रंगवत. मागचे दिसत नसत, ते विमलताई रंगवत, एकही पांढरा केस न सोडता. एकदा एका रिक्षावाल्याने मनोहररावांना बजावले, "साहेब, आईला आत सरकू द्या, हवा लागेल." विमलताई आत सरकल्या आणि मनोहररावांना म्हणाल्या, "बाळा, सुट्टे आहेत ना?"

त्यांच्या मुलाचे, प्रशांतचे, लग्न ठरले तेव्हा प्रकरण पेटले. धाकट्या नणंदबाई महाडहून आल्या त्या रंगाचे पाकीट घेऊनच. मी तेव्हा चहाला बसलो होतो आणि मला कुणी उठवले नाही.

"वहिनी, मुलीकडचे काय म्हणतील? वरमाय आहे का वरआजी?"

"आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसून बसते, नवराही पांढऱ्या कपड्यांत. अख्खा हॉल पांढरा. डोक्यानंच काय घोडं मारलंय?"

"साडीचं वेगळं, केसांचं वेगळं."

"हो. साडी संध्याकाळी बदलता येते."

प्रशांत हळूच म्हणाला, "आई, एकच दिवस. फोटो कायम राहतात गं."

"म्हणूनच. मी आहे तशी पुढे चालणार नसेन तर तसं सांग. मागच्या खुर्चीत बसते."

मनोहररावांनी तोंड घातले, "लाव ना. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी दर पंधरवड्याला ब्रश घेऊन मागे उभी राहते. आणखी बोललात तर मागचं तुमचं तुम्ही बघा."

पाकीट नणंदबाईंबरोबर महाडला परत गेले.

लग्नात विमलताई पांढऱ्या साडीत आणि पांढऱ्या केसांनी सगळ्यात पुढे उभ्या होत्या. मुलीच्या आजीने जवळ येऊन त्यांच्या केसांना हात लावला आणि विचारले, "कसं वाटतं गं?"

"हलकं वाटतं," विमलताई म्हणाल्या.

पुढे अल्बम आला. विमलताईंनी पहिले पान उघडले आणि विचारले, "ही बाई कोण? माझी साडी नेसलीय." पानापानावर त्यांचे केस काळेभोर होते. फोटोग्राफरला फोन लावला, तर तो खुशीत होता. "काकी, सगळ्या लेडीजचे करतो, पॅकेजमध्येच असतं. टेन्शन नाय."

"आणि काकांचे?"

"काकांचे ओरिजिनलच काळे आहेत ना."

विमलताईंनी अल्बम कपाटात वरच्या फळीवर ठेवला. तो पुन्हा काढलेला मी पाहिला नाही.

गेल्या वर्षी त्या हृदयविकाराने अचानक गेल्या. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा पहिला स्मृतिदिन झाला. मोठा करता येईल असा फोटो घरात एकच सापडला, अल्बममधला. त्यापुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. "विमलताईंनी बाह्य रूपाला कधी महत्त्व दिलं नाही," असे सोसायटीच्या अध्यक्षांनी त्या फोटोकडे हात करून सांगितले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळले नाही.

मग मनोहरराव फुले वाहायला वाकले. त्यांचे डोके पुढून काळे होते, मागून पांढरे.