काकांच्या ठेक्यावर फिरलेली इस्त्री

शोभाकाकूंचं नाव आधी लिहितो. मनीषनगरातल्या त्यांच्या घरी मी इंटरनेटची वायर टाकायला गेलो होतो आणि काम झाल्यावर त्यांनी मला जाऊ दिलं नाही. "बस गा थोडासा. याईचं हे लॅपटॉपमधलं ड्रम चालू करून दे. दोन महिन्यांपासून माहं डोकं खाऊन राहिले." तेवढ्यावरून मला नागपुरात एक घर मिळालं. माझं गाव किनवटच्याही पुढे, शाळा नववीतच सुटलेली, इथे ओळखीचं कुणी नव्हतं. त्या घरातले प्रभाकरकाका सव्वा महिन्यापूर्वी गेले. गुरुवारी सकाळी मी कामावर, शिडीवर होतो, तेव्हा काकूंचा फोन आला. "काका गेले गा, संदीप... झोपेतच गेले." मी उतरलोच नाही, तसाच शिडीला धरून उभा राहिलो. आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची लाज वाटते. रविवारचा तो ठेका... तो मी सेव्ह करताना काय करून बसलो होतो?

काका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. लग्नं, गणपती, कुठे कुठे. मग उजवा हात कापायला लागला, कांडी सुटायला लागली, तसा त्यांनी ड्रमचा सगळा सेट देऊन टाकला. त्यांच्या मुलीने आपला जुना लॅपटॉप दिला, त्यात हे ड्रमचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर चौकटी असतात. एक ओळ मोठ्या ढोलाची, एक स्नेअर नावाच्या छोट्या कडक ड्रमची, एक मधल्या टॉम ड्रमची, एक झांजेची, आणि ज्या चौकटीत टिचकी माराल तिथे ठोका पडतो. काका तोंडाने ठेका सांगायचे, मी माऊसने चौकटी भरायचो. इंग्रजी आम्हा दोघांनाही बेताचंच, म्हणून कुठलं बटण काय करतं ते दाबून बघूनच कळायचं. दर रविवारी दुपारी जेवणही तिथेच. गावी आईला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, मी फक्त वायरी ओढतो.

मी स्वतःच्या मनाने भरलेला पहिला तुकडा काकांनी डोळे मिटून ऐकला. मला वाटलं, भारी झालाय. ते म्हणाले, "डाव्या हातानं स्नेअर, उजव्या हातानं झांज. मंग हा मधला टॉम कोण वाजवून राहिला? तुही काकू?"

आतून आवाज आला, "मले नोका ओढू त्याच्यात. माहे दोन्ही हात कणकेत आहे."

मशीनला हात किती ते माहीत नसतं, तीन म्हणा, पाच म्हणा, ते वाजवतं. काका प्रत्येक वेळी पडद्यावर बोट ठेवून हात मोजायला लावायचे. आजही एखाद्या लग्नात गाणं लागलं, की मी जेवता जेवता हात मोजत बसतो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की मागेपुढे पडलेले ठोके आपोआप रेषेवर येतात आणि सगळे सारख्याच जोराचे होतात. आम्ही त्याला इस्त्री म्हणायचो. मी काहीही केलं की शेवटी इस्त्री फिरवायचोच, नाहीतर मला धाकधूक वाटायची, कुणी ऐकलं तर हसेल. काका म्हणायचे, "तुह्या कपड्यावर फिरव गा. उद्या मी वाजवीन, तर मात्र हात नोको लावू."

पण वाजवायला ते तयारच होत नसत. लॅपटॉपला जोडायचं रबरी पॅडही त्यांनी आणलं होतं. त्यावर कांडी मारली की ठोका चौकटीत उमटतो. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून काकूंच्या जुन्या सुती लुगड्याची घडी त्याच्याखाली घातली होती. पॅड तसंच फडक्याखाली झाकून पडून होतं. त्या शेवटच्या रविवारी काकू महाल भागात बहिणीकडे गेल्या होत्या. काका अचानक स्टुलावर बसले आणि म्हणाले, "रेकॉर्ड दाब." चारेक मिनिटं वाजवलं. प्रत्येक ठोक्यामागे कापऱ्या हाताचा एक बारीक ठोका जास्तीचा पडत होता. थांबले तेव्हा घामाघूम झाले होते. "जसाच्या तसा ठेव. तुह्या काकूले आताच नोको सांगू, पुरं झालं की ऐकवू."

तेवढ्यात ऑफिसातून फोन, कुठेतरी लाईन बंद पडली, लगेच निघ. मी घाईत होतो आणि बोटाने सवयीने तेच केलं... इस्त्री, सेव्ह, बंद. जिना उतरताना खटकलंही होतं, पण म्हटलं, पुढच्या रविवारी बघू.

काका गेल्यावर फाईल उघडली तेव्हा सगळे ठोके ओळीत उभे होते. बारीक ठोके मोठ्यांत मिसळून गेलेले. उलटं काही होईना. रिपेअरिंगवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, एकदा त्याच फाईलवर सेव्ह केल्यावर जुनं मिळत नाही. तेरवीच्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "पॅड उघडं दिसलं मले. वाजवलं होतं ना त्याईनं? मले ऐकव ना." मी म्हणालो, फाईल जरा अडकलीय, काढतो. खोटं बोललो. मग दर रविवारी हे घर आता आपलं राहत नाही, असंच वाटायचं.

गेल्या रविवारी सांगून टाकलं. काकू मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. म्हणाल्या, "इतके वर्ष मी त्याईले सरळ करून पाह्यलं, झाले नाई. तुह्या मशीननं एका बटणात केलं?" हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मग मेथी बाजूला सारून टेबलावर बोटाने वाजवायला लागल्या. ठोका, आणि मागे तो बारीक. ठोका, बारीक. त्या रविवारी ऐकलेला तोच ठेका होता.

"चहाले उशीर झाला की इथं बसून हेच वाजवत. हा मांगचा बारका हाय ना, तो हात कापायले लागल्यावर आला. मले तर आता तोच ध्यानात हाय."

मी घाईने म्हणालो, "काकू, एकदा पॅडवर वाजवा, मी रेकॉर्ड करतो."

"पॅडबिड मले नोको. अन् तू पुन्हा इस्त्री फिरवशीन. तू शिक. काहून, हात नाई का तुले?"

काल काम लवकर संपलं म्हणून गेलो होतो. काकांच्या स्टुलावर बसलो, लॅपटॉप मिटून ठेवला. पॅड तिथेच आहे, खाली लुगड्याची घडी तशीच, पॅडच्या भाराने थोडी खोलगट झालेली. मोठा ठोका जमतो. मागचा बारीक जमत नाही. माझाही हात कापतो, पण भीतीने, आणि नको त्या जागी. आतून काकू म्हणाल्या, "लवकर आला तो बारका. मांगून पायजे."

वेळ लागेल, काकू. पण एक दिवस तुम्हाला समोर बसवून तो ठेका माझ्या दोन हातांनी वाजवून दाखवीन, मागच्या बारक्यासकट. तुमचं एवढं तरी मी फेडीनच.