बदलून घेतलेलं घड्याळ

माझ्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाला घातलेलं घड्याळ परत आलं, तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी घरी पोचले तर मध्यस्थी केलेले आमचे मामा चहासुद्धा न घेता निघून गेले होते, आणि कॉटवर एक कापडी पिशवी ठेवलेली होती. पिशवीत सफारीचं कापड, अंगठी आणि घड्याळाचा खोका. पोराचं मन नाही, एवढंच मामांनी सांगितलं होतं. आई आत भाकरी थापत होती. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले. जेवण नेहमीएवढंच गेलं.

आमचं गाव गडमुडशिंगी. पप्पा पंचायत समितीतून रिटायर झालेले, दारात दोन म्हशी. मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघायची. लग्नासाठी विहाराचा हॉल सांगून ठेवला होता, तो पप्पांनी स्वतः जाऊन रद्द केला. कुणाला काय सांगायचं, तेही त्यांनीच सांगितलं. माझ्याकडे कुणी आलं नाही आणि मीही कुणाकडे गेले नाही. रोज गाडी काढायची, कामावर जायचं, गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायची, परत यायचं. रडू येईल म्हणून आई माझ्यावर लक्ष ठेवून होती. ते आलं नाही.

थोड्याच दिवसांत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाकडे माणूस पाठवायचा होता, आणि तिथूनच पुढे अमेरिकेतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. लग्न आहे म्हणून त्यांनी आधी माझं नाव धरलं नव्हतं. आता खाली बघत विचारलं, जाणार का. चहा घेणार का म्हटल्यावर आपण हो म्हणतो, तसं मी हो म्हटलं.

घरी सांगितल्यावर पप्पांनी घड्याळाचा खोका पुढं ओढला. मग म्हणाले, ते घड्याळ दुकानात देऊन तुझ्या उपयोगाचं घेऊ. तिकडं एका देशातून दुसऱ्या देशात जायचं, हितली वेळ वेगळी, तिथली वेगळी, तर सगळीकडची वेळ दाखवणारं घ्यायचं. आईला तो खोका घरात नकोच होता. मोबाईलमध्ये सगळ्या वेळा दिसतात, हे मी बोलले नाही.

रविवारी आम्ही राजारामपुरीतल्या त्याच दुकानात गेलो. मालक ओळखीचे. पप्पांना बघून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"या की पावणं. जावयास्नी बसलं न्हवं घड्याळ बराबर?"

पप्पांनी खोका काउंटरवर ठेवला. "लग्न मोडलं. आता पोरीला पायजे. परदेशात चाललीया कंपनीकडनं."

आवाज नेहमीचा, जरा मोठाच. शेजारी पट्टा बदलायला आलेल्या बाईनं वळून माझ्याकडे बघितलं. मालकांनी खोका उघडला. घड्याळ उलटं करून बघितलं, पाठीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. नवऱ्या मुलाच्या मनगटाला बसावं म्हणून पट्ट्यातून काढलेल्या कड्यांबद्दल त्यांनी विचारलं, तर पप्पांनी शर्टाच्या खिशातून बारकी पुडी काढून दिली. ती त्यांनी इतके दिवस कुठे ठेवली होती, मला माहीत नव्हतं.

नवऱ्या मुलाचं घड्याळ पप्पांनी चहा येईपर्यंत पसंत केलं होतं. या वेळी मात्र ते उठायला तयार नव्हते. मालकांनी आधी बायकांची घड्याळं काढली, खडे लावलेली, बांगडीसारखी. पप्पांनी ती बाजूला सारली. मग कडेनं जगभरच्या शहरांची नावं लिहिलेलं एक आलं. नावं इतकी बारीक होती, की पप्पांनी चष्मा काढला, घातला आणि घड्याळ परत दिलं. मग एका जास्तीच्या लाल काट्याचं आलं. तो काटा दुसऱ्या देशाची वेळ दाखवायचा. ते दिसायलाही छान होतं. पप्पांनी विचारलं, आपली आणि त्यांची वेळ अर्ध्या तासानं मागंपुढं असली तर? मालक म्हणाले, हा काटा फक्त तास दाखवतो, अर्धा तास आपला आपण मिळवायचा.

"मग काय उपयोग," पप्पा म्हणाले. "देखणंबी पायजे आणि बराबरबी पायजे."

प्रत्येक घड्याळ ते माझ्या मनगटावर बांधायला लावत आणि हात लांब धर म्हणत. मी धरत होते. काचेवर ठेवलेला तो हात मला दिसत होता. घड्याळं चढत होती, उतरत होती. कुठलं आवडलं असं मालकांनी विचारलं, की मी पप्पांकडे बघायची.

शेवटी एक निघालं. गडद निळी तबकडी, तपकिरी चामड्याचा पट्टा. मोठे काटे असू तिथल्या वेळेला. आत दोन छोट्या तबकड्या, दोन्हीला आपापले तास-मिनिटांचे काटे, कुठल्याही देशाची वेळ मिनिटापर्यंत लावता येणारे. पप्पांनी ते लांबून बघितलं, जवळून बघितलं. घड्याळ माझ्या मनगटाला जरा मोठंच होतं.

आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. नवऱ्या मुलाच्या पुण्यात राहणाऱ्या आईनं साखरपुड्यात मला हसत हसत 'जाते म्हणावं' असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मी घरातसुद्धा जपून बोलत होते.

"हे घेतो मी," मी म्हटलं.

पप्पांनी मान हलवली. एका छोट्या तबकडीत कुठली वेळ लावू, असं मालकांनी विचारलं तर ते म्हणाले, हितली लावा. मी धारा काढत असताना हिनं फोन करू नये.

परत येताना गाडी ते चालवत होते. उचगावच्या पुलावर ट्रॅफिक अडकली, तेव्हा मागं न बघता म्हणाले, "का मोडलं ते मला कळलंय. तुला ऐकायचं असंल तर सांगतो."

"नको," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. ट्रॅफिक सुटली.

जर्मनीत मी कारखाना आणि हॉटेल एवढंच करत होते. थंडी होती, ब्रेड होता. सगळे नीट वागत होते. मग एका मीटिंगमध्ये तिथल्या तपासनिसानं आमच्या ओतीव कास्टिंगचा अख्खा लॉट न मोजताच नापास केला, आणि तुमच्याकडे असंच चालतं, असं वर म्हणाला. मी उठून उभी राहिले. माप घ्यायचं गेज मागवलं. एकेक नग हातात घेऊन त्याच्यासमोर मोजायला लावला. माझा आवाज चांगलाच चढला होता. शेजारच्या खोलीतले लोक काचेतून बघत होते.  कित्येक आठवड्यांतला माझ्या ओळखीचा असा तो पहिलाच राग होता.

मापात बसलेला निम्मा लॉट त्यांनी घेतला. संध्याकाळी पप्पांना फोनवर मी सगळं सांगितलं, मापांसकट. त्यांना त्यातलं किती समजलं कुणास ठाऊक. पण मध्ये कुठं त्यांनी अडवलं नाही. सगळं झाल्यावर विचारलं, तिकडं भात मिळतो का. मिळतो म्हटलं, पण चिकट असतो.