हिवतापाची गोळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई गेल्या, नवरा गेला, त्यांनाही नाही. चौथीपर्यंत शिकले, जमेल तसं लिहिते.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. माझी धाकटी जाऊ, सुमन — तिचा नवरा मिलिटरीत. तिचे सांधे धरायचे, उन्हात गेली की गालांवर तांबडं उठायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी ल्युपस असं काहीतरी नाव सांगितलं, ऊन बंद केलं आणि गोळी दिली — हिवतापाची. मलेरियावाला दारोदार वाटायचा तीच. ताप नाही, आणि हिवतापाची गोळी? घरात सगळे हसले. मी जास्त हसले.

मग तिला दिवस गेले. सातव्यात प्रवास नको, म्हणून रहिमतपूरहून रेल्वेनं गोळ्या आणायला मीच गेले. डॉक्टर म्हणाले, "गोळी थांबवू नका. पोटुशी असताना चालते, अंगावर पाजतानाही चालते." दोनदा सांगितलं. मला नीट कळलं होतं.

घरी येऊन काय सांगितलं मी? "डॉक्टर म्हणलं, आता गोळी न्हाई. पोराला बाधंल." पुडी उकिरड्यात पुरली.

त्या गोळीनं पोट पडतं असं बायका म्हणायच्या. मीही म्हणायचे. पण मला पोराची काळजी होती का? नव्हती. ती सावलीला बसायची, आणि उसाची भांगलण माझ्या एकटीच्या कमरेवर. गोळी बंद झाली की दुखणंही नाही असं घरात ठरेल, येईल शेतात — एवढंच डोक्यात. आलीही. सासूबाईंनीच धाडली. आठ दिवस खुरपलं तिनं. मग तोंड सुजलं, पाय सुजले, लघवी कमी झाली.

मिरजेला नेली. गोळ्या कुणी बंद केल्या, डॉक्टरांनी विचारलं. सुमननं माझ्याकडं पाहिलं. ती तोंड उघडायच्या आत मी बोलले, "कडू लागत्यात म्हणून हिनंच टाकल्या."

डॉक्टर तिला लय बोलले. ती गप्प राहिली. का राहिली — मी कधी विचारलं नाही.

मुलगी आठव्यात झाली, जगली. तीन महिन्यांनी सुमन गेली.

पोर मी वाढवली. मला आई म्हणते. आता तिलाही नातवंडं आहेत. अजून कधी विषय निघाला की म्हणते, "कडू लागलं म्हणून कुणी औषध टाकतं का? माझा तरी इचार करायचा हुता तिनं."

मी व्हय म्हणते.