खतवाल्या चाचांचा समुद्र

समस्त वऱ्हाडास गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अमरावतीत समुद्र आहे! तो आमच्या खतवाल्या चाचांच्या दुकानात, काचेच्या टाकीत असतो. नापिकीच्या या वर्षांत चाचा कपाशीचं पान निरखतात आणि दोन पोती मागणाऱ्याला एकच देतात. म्हणतात, "कम डालो, भाऊ." टाकीतल्या जिवंत प्रवाळांनाही तोच न्याय. रोज पाणी तपासून छाती फुगवून सांगतात, "नायट्रेट झीरो!" म्हणजे खताचा अंशही नाही. तरी प्रवाळं पांढरी पडू लागली. चाचांनी पाणी आणखी स्वच्छ केलं, ती आणखीच फिकटली. चाचांचं जेवण सुटलं.

परवा वलगावच्या एक काकू युरियासाठी आल्या, टाकीपाशी थबकल्या आणि ओरडल्या, "पान पिवळं पडलं का खत तुमीच देता ना, चाचा? मंग या लेकरायले काहून उपाशी मारून राहिले?"